चार नंबरची खाट वाटेतच आहे

"चार रुग्ण आहेत," लेकीने वाचायला सुरुवात केली. "नीट ऐक हं, आई. एक नंबर, सत्तर वर्षांचे गृहस्थ. लघवीला जायचंय म्हणून हाका मारताहेत. दोन नंबर, कालच पोटाचं ऑपरेशन झालेली बाई. दुखतंय म्हणते. तीन नंबर, आज घरी जाणारा माणूस. कागद मिळाले नाहीत म्हणून चिडलाय. चार नंबर, न्यूमोनियाची तरुण मुलगी. गप्प पडून आहे, श्वास मिनिटाला छत्तीस. तू आधी कोणाकडे जाशील?"

"एक नंबर," मावशी म्हणाल्या. भाजी निवडणारा हात थांबलाही नाही.

लेकीने डोळे मिटले. "का?"

"कारण तो थांबणार नाही. 'आले हं बाबा' म्हटलं की हे लोक स्वतःच उठतात. उठले की पडतात. पडले की खुब्याचं हाड. मग तीन महिने तोच एक नंबर, त्याच खाटेवर. आणि चादर बदलायची ती वेगळीच."

"आणि चार नंबर? तिला धाप लागलीय!"

"तिला बघणारच आहे ना मी. जाता जाता. चारची खाट वाटेतच आहे."

"खाट कुठे आहे ते प्रश्नात लिहिलेलंच नाही, आई!"

"तेच तर म्हणते मी," मावशी म्हणाल्या. "प्रश्न अपुरा आहे."

मावशी या लेकीच्या आई. पण इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर अठरा वर्षं मदतनीस म्हणून काम केल्यामुळे सगळं जग त्यांना मावशीच म्हणत असे. डॉक्टर म्हणत, रुग्ण म्हणत, रुग्णांना भेटायला आलेले मावशींच्या दुप्पट वयाचे आजोबाही म्हणत. वॉर्डात पांढरा गणवेश घालते ती सिस्टर आणि निळा घालते ती मावशी, असा तिथला सरळ हिशेब होता. चाळिशी उलटल्यावर मावशींच्या मनाने घेतलं की आपणही पांढरा घालायचा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी कामाच्या पाळ्या सांभाळून पूर्ण केला. प्रात्यक्षिकात तर वर्गात पहिल्या आल्या. घोडं अडलं ते लेखी परीक्षेत. पहिल्या वेळी सहा गुणांनी नापास झाल्या, दुसऱ्या वेळी चार गुणांनी. तीनदाच बसता येतं. मुख्य सिस्टरांनी एक जागा महिनाअखेरपर्यंत त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, आणि परीक्षा उद्या होती.

मावशींना येत नव्हतं असं नाही. औषधांची मात्रा, नाडीचे ठोके, जखमेची पट्टी, सगळं तोंडपाठ. पण 'आधी कोणाकडे जाल?' असा प्रश्न आला की त्या उत्तर देण्याऐवजी प्रश्नाशीच भांडायला लागत. बाथरूम किती लांब आहे? सोबत नातेवाईक आहे का? असला तर तो कामाचा आहे की नुसताच उभा राहणारा? परीक्षा संगणकावर होती आणि संगणक यातलं काहीच सांगत नसे. मावशी मात्र त्याच्या उत्तराची वाट बघत बसत, आणि घड्याळ पळत राही.

लेक रसायनशास्त्राची पदवीधर. एका प्रयोगशाळेत दिवसभर थेंब मोजण्याचं काम करी. तिने आईसाठी एक तक्ता करून तो शेगडीच्या वर चिकटवला होता. आधी श्वास. मग रक्त. मग बाकीचं जग. त्याखाली लाल अक्षरांत, 'ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. गप्प असतो त्याच्याकडे बघ.' त्याखाली आणखी एक, 'झालेलं आधी, होऊ शकेल ते नंतर.'

"हे शेवटचं मला पटत नाही," मावशी तक्त्याकडे बघत म्हणाल्या. "एक नंबरला होऊ शकेल नाही गं, होणारच आहे. पाच मिनिटांत."

"आई, परीक्षेतल्या इस्पितळात कुणी पडत नाही. तिथे भरपूर माणसं असतात, सगळी यंत्रं चालतात, नातेवाईक 'कृपया' म्हणतात. तू फक्त सर्वात सीरियस कोण ते सांगायचं आणि पुढे जायचं. त्या बाबांना कुणीतरी नेईल."

"कोण नेईल?"

"मावशी नेतील!" लेक ओरडली.

मावशींनी भाजी धुवायला घेतली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी लेकीने आणखी एक शास्त्रीय कामगिरी केली. मेंदूला तासाला पाच ग्रॅम साखर लागते, हे तिने वाचलं होतं. तीन तासांची परीक्षा म्हणजे पंधरा ग्रॅम. "आणि घाबरलेला मेंदू दुप्पट खातो असं धरू," असं म्हणून तिने वजनकाट्यावर तीस ग्रॅम साखर मोजली आणि अर्धा लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरली.

"अगं, पण प्रवेशपत्रावर लिहिलंय. पारदर्शक बाटलीत पाणी, बाकी काही नाही."

"मग? पारदर्शक आहे, पाणी आहे. साखर विरघळली की दिसते का कुणाला?"

"दिसत नाही म्हणून नसते का?"

"आई, आता माझ्याशी वाद घालू नकोस. आज कुणाशीच घालू नकोस. संगणकाशी तर मुळीच नको."

परीक्षाकेंद्र एका संगणक संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. चाळीस उमेदवार, चाळीस संगणक आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक कॅमेरा. दाराशी पहारेकरी स्टुलावर बसला होता, आणि आत राज्य होतं पर्यवेक्षकांचं. हे गृहस्थ उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद. प्रत्येक वाक्याला ते नियमपुस्तकातलं कलम जोडत, म्हणून पहारेकऱ्याने त्यांचं नाव कलमसाहेब ठेवलं होतं.

"पिशव्या, मोबाइल, घड्याळं, डबे, सगळं सामानाच्या खोलीत. कलम तीन," कलमसाहेब म्हणाले. मग त्यांनी पहारेकऱ्याचा मोबाइल घेतला आणि तोही आत ठेवला.

"साहेब, माझा कशाला? मी कुठे परीक्षेला बसलोय?"

"कलम तीनमध्ये 'सर्व व्यक्ती' असं आहे." त्यांनी स्वतःचा मोबाइल ठेवला, स्वतःचा जेवणाचा डबाही ठेवला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. नियम सगळ्यांना सारखा, असा माणूस. मावशींना तो मनातून आवडला आणि त्याच कारणाने त्याची भीतीही वाटली.

ओळख पटवताना कलमसाहेब प्रत्येकाचं बोट धरून यंत्रावर टेकवत होते. मावशींनी सवयीने त्यांच्याच बोटांकडे बघितलं. टोकांना बाजूबाजूला बारीक काळे ठिपके. रोज सुई टोचून रक्तातली साखर तपासणाऱ्याची बोटं. मावशींनी अशी बोटं शेकड्यांनी पाहिली होती. मग त्यांनी बाटली पुढे केली.

"पाणी?" कलमसाहेबांनी बाटली उजेडात धरली.

"पाणी," मावशी म्हणाल्या. चोरून चॉकलेट खाल्लेल्या रुग्णासारखा त्यांचा चेहरा झाला. पण साखर खरंच दिसत नव्हती.

नऊला सुरू व्हायची परीक्षा सुरू झाली पावणेदहाला, कारण सर्व्हर बंद पडला. "मी साडेआठला इंजेक्शन घेतलंय," कलमसाहेब तंत्रज्ञाला दबक्या आवाजात सांगत होते. "नऊला मंडळी बसली की तुम्हाला इथे बसवून दहा मिनिटांत डबा खाऊन येणार होतो."

"मग जा की, सर. मी थांबतो."

"तुम्ही सर्व्हर बघा. आणि बदली माणसाशिवाय पर्यवेक्षकाने सभागृह सोडायचं नाही. कलम नऊ."

तंत्रज्ञ तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत गेला. मध्ये शिपाई चहा घेऊन आला, त्यालाही कलम अकरा ऐकवून परत पाठवण्यात आलं. आणि परीक्षा सुरू झाली.

मावशींनी संगणकाशी भांडायचं नाही असं ठरवलं होतं. पण सवय म्हणजे सवय. प्रत्येक 'आधी कोण'पाशी त्यांचा संगणकाच्या उंदरावरचा हात अडखळे. साखरपाण्याचा एक घोट त्यांनी घेतला, तो इतका गोड निघाला की पुन्हा बाटलीला हात लावला नाही. दीड तास झाला तेव्हा दीडशेपैकी एकाहत्तर प्रश्न झाले होते.

वॉर्डातली दुसरी सवयही सुटली नव्हती. दर पंधरा मिनिटांनी मान वर करायची आणि सगळ्या खाटांवरून एक नजर फिरवायची. सव्वाअकराला मावशींनी मान वर केली. कलमसाहेब कपाळ पुसत होते. वातानुकूलन इतकं गार की मुली पदर आणि ओढण्या गुंडाळून बसलेल्या. मावशींनी प्रश्नाकडे बघितलं, पण चित्त लागेना. पुन्हा मान वर केली. कलमसाहेब हजेरीपत्रकावर काहीतरी लिहीत होते. कागद संपला तरी त्यांचं पेन थांबलं नाही. ते टेबलावर लिहीत गेलं.

घाम. गारठ्यात घाम. आणि गप्प. शेगडीवरचा तक्ता मावशींच्या डोळ्यांसमोर लाल अक्षरांत उभा राहिला.

पडद्याच्या कोपऱ्यात नियमही लालच होता. 'जागेवरून उठण्यापूर्वी हात वर करून पर्यवेक्षकांची परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय उठल्यास परीक्षा रद्द.' मावशींनी हात वर केला. कलमसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे डोळे त्या दिशेला होते. मग त्यांची मान खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली आणि हनुवटी छातीला टेकून तिथेच राहिली.

मावशींचा हात वरच होता. ज्याने परवानगी द्यायची तोच आडवा होतोय आणि तो आडवा होतोय म्हणूनच परवानगी हवी. तिसरी वेळ, शेवटची वेळ, महिनाअखेरची जागा. हा प्रश्न पुस्तकात असता तर मावशी त्याच्याशी अर्धा तास भांडल्या असत्या. इथे त्या दोन सेकंदांत बाटली घेऊन उठल्या.

"अहो मावशी, बसा! रद्द होईल!" शेजारची चष्मेवाली मुलगी कुजबुजली. कुणी न सांगताच तिनेही त्यांना मावशी म्हटलं होतं.

"सरांची साखर उतरलीय."

सभागृहात कुजबुज झाली. एकोणचाळीस माना वर झाल्या, पण एकही खुर्ची हलली नाही. उमेदवारांना जागा सोडायची नव्हती, पण ज्ञान तर ओसंडून वाहत होतं. मग उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं.

"आधी असेसमेंट करा, कृती नंतर!" चष्मेवाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"रक्तातली साखर मोजा आधी!" मागच्या रांगेतून आवाज आला.

"कशाने मोजू? उंदराने?" मावशी म्हणाल्या.

"डॉक्टरांना कळवा!"

"तो पर्याय नेहमी चुकीचा असतो!" दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. "आधी रुग्णाजवळ जायचं असतं!"

"त्या जवळच आहेत!"

"मग पर्याय बी!"

"शांतता..." कलमसाहेब हनुवटी न उचलता पुटपुटले. "परीक्षा चालू आहे... कलम..." पण कलम आठवेना. या माणसाला कलम आठवत नाही, याहून गंभीर लक्षण दुसरं नव्हतं.

मावशींनी त्यांचा खांदा हलवला. "सर, माझ्याकडे बघा. नाव सांगा तुमचं."

"मोबाइल... बंद ठेवा."

"बंद आहे. हे प्यायचं. घोट घोट. गिळताय ना? हं, शाब्बास."

शुद्ध आहे, गिळता येतंय, तर तोंडाने द्यायचं. मावशींनी बाटली त्यांच्या ओठांना लावली. लेकीचं गणित त्यांना आठवलं. पूर्ण बाटलीत तीस ग्रॅम, म्हणजे अर्धी बाटली पंधरा. पुस्तकातही पंधराच लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक, लेक आणि मावशी यांचं एकमत झालं.

"मावशी, नुसत्या पाण्याने काय होणार?" चष्मेवाली म्हणाली.

मावशी क्षणभर घुटमळल्या. मग डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे एकदा बघून मोठ्याने म्हणाल्या, "साखर आहे यात. तीस ग्रॅम."

सभागृहात असा सुस्कारा उमटला, जणू त्यांनी बाटलीत उत्तरपत्रिका आणली होती.

अर्धी बाटली पोटात गेल्यावर मावशी दाराकडे गेल्या आणि दार फटीएवढं उघडलं.

"उमेदवाराला बाहेर यायला परवानगी नाही," पहारेकरी म्हणाला. "साहेबांना विचारून या."

"साहेबच पडलेत, भाऊ."

"मग त्यांच्याकडून लिहून आणा."

"अहो, ते बेशुद्ध पडायच्या बेतात आहेत! तुम्ही आत तरी या."

"मला आत यायला मनाई आहे. कलम चौदा."

"मग फोन लावा डॉक्टरांना."

पहारेकऱ्याने केविलवाण्या चेहऱ्याने सामानाच्या खोलीकडे बोट केलं. फोन कुलपात, किल्ली साहेबांच्या खिशात. मावशींनी अठरा वर्षं कमावलेला आवाज काढला, ज्या आवाजाला वॉर्डातले दहा-दहा नातेवाईक एकदम बाहेर जात. "जिने उतरायला पाय आहेत ना? समोर दवाखान्याची पाटी मी येताना बघितलीय. पळा!"

पहारेकरी पळाला. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्याला कळलं, की त्याला स्टूल सोडायचीही मनाई होती. पण तोवर उशीर झाला होता.

मावशी परत आल्या आणि कलमसाहेबांच्या खिशातल्या किल्लीला हात घातला. त्यांनी तो हात घट्ट पकडला. "किल्ली... पर्यवेक्षकाकडेच..."

"राहू द्या, तुमच्याकडेच राहू द्या. पाच मिनिटांनी देताय ना?"

"अर्ज करा," कलमसाहेब म्हणाले. आवाजात थोडा जोर होता. मावशींना बरं वाटलं. साखर चढत होती.

पंधरा मिनिटांनी उरलेली बाटलीही कलमसाहेब प्यायले. घाम थांबला. टेबलावर स्वतःच्या अक्षरात काढलेली लांबलचक रेघ बघून ते दचकले, मग समोर बसलेल्या मावशींकडे बघून जास्त दचकले. "तुम्ही जागेवरून उठलात?"

"हो."

"उमेदवार क्रमांक सत्तावीस?"

"हो. किल्ली द्या आता. डबा आणते तुमचा."

त्यांनी किल्ली दिली. मावशींनी त्यांना स्वतःच्या देखरेखीखाली दोन पाव आणि एक केळं खाऊ घातलं. तेवढ्यात समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर धापा टाकत आले, मागे त्यांच्याहून जास्त धापा टाकणारा पहारेकरी. डॉक्टरांनी बोटातून थेंब काढून साखर तपासली. "ठीक आहेत आता. कोणी दिली साखर? वेळेवर दिलीत हो. अजून दहा मिनिटं गेली असती तर कठीण होतं."

एकोणचाळीस बोटांनी एकदम मावशींकडे दाखवलं. मग ती सगळी बोटं पुन्हा उंदरांवर गेली.

मावशी जागेवर बसल्या तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं आणि एकोणऐंशी प्रश्न. एका प्रश्नाला जेमतेम तीस सेकंद. पडद्यावर तोच प्रश्न त्यांची वाट बघत होता, आधी कोणाकडे जाल? बाथरूम किती लांब, हे विचारायला वेळच नव्हता. मावशींनी सर्वात गप्प कोण ते बघितलं, टिचकी मारली, पुढे गेल्या. पुढचा. टिचकी. पुढचा. नातेवाईकांची आठवण झाली, पण तोवर तो प्रश्न मागे पडला होता. शेवटच्या उत्तरावर टिचकी मारली तेव्हा घड्याळात अकरा सेकंद उरले होते.

बाहेर पडताना त्यांनी चोरून बघितलं. कलमसाहेब ताठ बसून अहवाल लिहीत होते. कागदावर लिहीत होते, म्हणजे प्रकृती उत्तम होती. आणि क्रमांक सत्तावीस दुरूनही वाचता येत होता.

"म्हणजे तू परीक्षा बुडवलीस," रात्री जेवताना सगळी कथा ऐकून लेक म्हणाली. डोळ्यांत पाणी, पण ओठ हसत होते. "साहजिकच आहे म्हणा. त्या बाटलीला मीही जबाबदार आहे."

"बाटली बरी होती हो तुझी. फक्त जरा गोड."

चार दिवसांनी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. परवानगीशिवाय जागा सोडणे आणि नियमबाह्य पेय बाळगणे, असे दोन आरोप. सुनावणीला हजर राहावे. लेकीने रजा घेतली आणि दोघी मंडळाच्या कचेरीत जाऊन बसल्या. आत एका लांब टेबलामागे अध्यक्षबाई होत्या, शेजारी एक टिपणं घेणारे गृहस्थ, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गळ्यापर्यंत बटणं लावलेले कलमसाहेब.

अध्यक्षबाईंनी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. आवाज नव्हता. मावशी हात वर करतात. कलमसाहेबांची मान खाली, वर, खाली. मावशी उठतात.

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पर्यवेक्षक, तुम्ही यांना उठायची परवानगी दिली होती का? अहवालात तो रकाना तुम्ही कोरा सोडलाय."

कलमसाहेब उभे राहिले. त्यांनी चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. मान खाली, वर, खाली. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मावशींना वाटलं, संपलं. या माणसाने पहारेकऱ्याचा मोबाइल सोडला नाही, तो आपल्याला काय सोडणार?

"होय," कलमसाहेब म्हणाले. "मी मान डोलावली. कलम पाचमध्ये परवानगी तोंडी असावी असं कुठेही म्हटलेलं नाही."

लेकीने मावशींचा हात दाबला.

"आणि बाटली?" अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "त्यात साखर होती, असं उमेदवार स्वतः म्हणाल्याचं तुमच्याच अहवालात आहे."

"उमेदवार म्हणाल्या. पण प्यायलो मी. ते गोड होतं का, हे मला आठवत नाही. मी शुद्धीत नव्हतो."

"शुद्धीत नव्हता?" अध्यक्षबाईंची लेखणी थांबली. "मग परवानगी कशी दिलीत?"

टिपणं घेणाऱ्या गृहस्थांनी हा प्रश्न दोनदा टिपून घेतला. कलमसाहेबांच्या कपाळावर घाम आला. मावशी सवयीने खुर्चीतून अर्ध्या उठल्या, पण त्यांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं. हा घाम वेगळा होता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदा नियमाला वळण देत होते.

"परवानगी देईपर्यंत शुद्धीत होतो," ते म्हणाले. "आधी मान डोलावली. मग शुद्ध गेली. क्रम महत्त्वाचा आहे, मॅडम. या परीक्षेत तोच तर विचारतात."

अध्यक्षबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मावशींकडे, आणि एकदा गोठलेल्या चित्राकडे, ज्यात चाळिसातली एकच खुर्ची रिकामी होती. मग फाइल मिटली. "आरोप सिद्ध होत नाहीत. पेपर तपासायला पाठवा."

बाहेर आल्यावर मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या कलमसाहेबांना म्हणाल्या, "सर, डबा खाल्लात का?"

"खाल्ला. आणि हे बघा." त्यांनी खिशातून दोन साखरेच्या पुड्या काढून दाखवल्या. "कलम तीनमध्ये दुरुस्ती सुचवलीय मी."

निकाल महिना संपायला दोन दिवस असताना लागला. मावशी उत्तीर्ण झाल्या, नऊ गुण जास्तीचे मिळवून. लेकीने गुणपत्रिका दोनदा पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर, आई, तुला दर वेळी चाळीसच मिनिटं द्यायला हवी होती." मग तिने तक्ता शेगडीवरून काढला आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

पहिल्या तारखेला दुसऱ्या मजल्यावर पांढऱ्या गणवेशात मावशी उभ्या होत्या. निळा घालून नवी मदतनीस आली होती, बावरलेली. सकाळची वेळ, सगळ्या खाटा एकदम जाग्या झालेल्या. तिकडून एक बाबा हाका मारत होते, दोन नंबर कण्हत होती, तीन नंबर कागद मागत होता.

"सिस्टर, आधी कुठे जाऊ?"

मावशींनी मागे वळून बघितलं, सिस्टर कोण ते बघायला. मागे कुणीच नव्हतं.

"त्या बाबांना ने बाथरूमला," त्या म्हणाल्या. "पडतील नाहीतर." आणि स्वतः तोवर चार नंबरच्या खाटेपाशी पोचल्याही होत्या. वाटेतच होती ती.